शेजाऱ्यांशी जुळवलेला वारा

भाई,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी अंगणात जाऊन आभाळाकडे बघितलं आणि मग रडले. वारा मोजायचं आमचं ठाणं बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी ही खोड काही जात नाही. वारा पूर्वेचा होता, अगदी मंद, आणि ढग नव्हते. तेवढं मनात टिपलं आणि मग पायरीवर बसले. आमच्या घरचे बाहेर आले तेव्हा त्यांना वाटलं मला चक्कर आली. पेडण्याहून डिचोलीला यायचं तर म्हापशाला बस बदलावी लागते, हे तुला सांगायला नको. दोन्ही बसमध्ये खिडकीशी बसून मी तुझ्याशी भांडत होते. शेजारची बाई मला विचारत होती, बरं नाही का म्हणून.

तुझं तेरावं उरकून कालच परत आले. तू किती शिकलास, कुठल्या हुद्द्यावर पोचलास, हे पेपरातल्या चौकटीत आलं आहे. फोटोही छापला आहे, त्यात तुझ्या डोक्यावर भरपूर केस आहेत. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला वाऱ्याबद्दल बोलायचं आहे. गेल्या पावसाळ्यात, डिचोलीच्या घरी, सोप्यावर बसून तू मला जे सांगितलंस त्याबद्दल. तेव्हा मी गप्प राहिले आणि तुला वाटलं विषय मिटला.

तूच मला या कामात ओढलंस, हे आधी मान्य करते. मी बीएससी होऊन, लग्न होऊन पेडण्याला आले होते आणि सासूबाईंबरोबर कुळीथ निवडत बसायचे. तू पणजीच्या कचेरीत हवामानाचे नकाशे काढायचास. मांडवीतून खनिज घेऊन जाणाऱ्या बार्जींना आणि किनाऱ्यावरच्या होड्यांना वाऱ्याचा अंदाज हवा होता, म्हणून तुमच्या खात्याने वाऱ्याची छोटी छोटी ठाणी उघडायची ठरवली. त्यातलं एक पेडण्याच्या सड्यावर, गावावरच्या उंच कातळमाळावर. तू एका रविवारी आमच्याकडे आलास, सासूबाईंना आधी तुझ्या गोड बोलण्याने गुंडाळलंस, आणि मग सहज सांगावं तसं म्हणालास की शकूला एक नोकरी आहे, सकाळी दोन तासांची, आभाळाकडे बघायची. सासूबाई म्हणाल्या, "आबाळाकडे बगूंक सरकार पगार दिता?" तू म्हणालास, "दिता. पूण ती बगता तें बरोबर आसूंक जाय." त्या दिवशी मी तुझ्यावर इतकी खूश होते की तू गेल्यावर उगीचच सगळी भांडी पुन्हा घासली.

ते काम मला आवडायचं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर एवढंच: सड्यावर उघड्या कातळावर एक खोली, शेजारी हायड्रोजनच्या नळकांड्यांची शेड. सकाळी पुंडलिक रबरी फुगा फुगवायचा, मी थिओडोलाइटला डोळा लावून बसायचे. थिओडोलाइट म्हणजे रस्ते मोजणाऱ्या लोकांकडे असते तसली दुर्बीण, कोन सांगणारी. फुगा सोडला की तो ठराविक वेगाने वर जातो, आणि जाता जाता वारा त्याला ढकलतो. दर मिनिटाला कोन वाचायचा. त्यावरून कितव्या उंचीवर वारा कुठून आणि किती जोराने वाहतो ते काढायचं आणि पणजीला फोन करायचा. फोनच्या त्या बाजूला बहुतेक वेळा तू असायचास.

पुंडलिक सिंधुदुर्गातला, आधी डिचोलीत खनिजाच्या ट्रकांवर होता. लाल धुळीने छाती भरली म्हणून ते सोडून आमच्याकडे रोजंदारीवर आला. त्याला फुग्याचा मार्ग पाठ झाला होता. बरेच महिने तो फुगा आधी समुद्राच्या बाजूला सरकायचा आणि वर गेला की उत्तर-पश्चिमेच्या वाऱ्यात सापडून वळायचा, तो थेट डिचोलीच्या दिशेने. पुंडलिक रोज न चुकता म्हणायचा, "बाये, फुगो तुज्या म्हायेराक चललो." मी रोज न चुकता हसायचे. तुला फोनवर हे सांगितलं तर तू म्हणालास, माहेरी पोचला तर आईला सांगेन चहा ठेवायला.

मग तुझ्या विचारणा सुरू झाल्या. तुझं नाव घेते आहे, पण पद्धत खात्याची होती. कुठल्याही ठाण्याचा वारा शेजारच्या ठाण्यांपेक्षा वेगळा आला की त्या ठाण्याला विचारायचं, पुन्हा तपासा. नियम म्हणून चांगलाच आहे. माणूस चुकतो, कोन उलटा वाचतो, फुगा गळका निघतो. पण आमचा सडा उंचावर होता, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. तिथला वारा आजूबाजूच्या ठाण्यांसारखा नसायचा, विशेषतः ऋतू बदलताना. मग तुझा फोन यायचा, पुन्हा बघ म्हणून.

"शकू, तुजें वारें शेजाऱ्यांक जुळना. परतून पळे."

"परतून कशें पळोवं? फुगो गेलो. गेलो तो गेलो."

"मागीर गणित परतून पळे."

गणित मी आधीच दोनदा पाहिलेलं असायचं. तिसऱ्यांदा बघायचे आणि तोच आकडा सांगायचे. तू फोनवर सुस्कारा सोडायचास. तो सुस्कारा मला ओळखीचा होता. लहानपणी मी पाढे चुकले की तू असाच सोडायचास. पुंडलिकला मी म्हणायचे, आमच्या भाईला वाटतं वाऱ्याने पण शेजाऱ्यांना विचारून वाहावं.

आणि मग एका हिवाळ्यानंतर विचारणा थांबल्या. एकदम नाही, हळूहळू. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. मला वाटलं, आता यांना कळलं. आता पेडण्याच्या सड्याचा वारा वेगळा असतो, हे पणजीत नकाशावर दिसायला लागलं असणार आणि भाईने आपल्या साहेबांना सांगितलं असणार. मी स्वतःला चांगली निरीक्षक समजायला लागले ती तेव्हापासून. कोणी पाहुणा आला तर त्याला सड्यावर घेऊन जायचे. सासूबाईंनीसुद्धा शेजारणींना सांगायला सुरुवात केली की आमच्या सुनेने सांगितल्याशिवाय पणजीचा नकाशा पुरा होत नाही.

त्याच काळात आपली दुसरी भांडणं जोरात होती. तू कोंकणीच्या बाजूचा, मी मराठीच्या. सगळा गोवाच तेव्हा राजभाषा कुठली यावरून या दोन बाजूंना उभा होता, तर आपलं घर कसं सुटणार होतं. डिचोलीत तुझ्या बाजूची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण तुला त्याची फिकीर नव्हती. चतुर्थीला मी माहेरी आले की जेवणाच्या पानावरून सुरुवात व्हायची. तू म्हणायचास, आपण घरात बोलतो ती आपली भाषा. मी म्हणायचे, आपण आरती म्हणतो, पत्र लिहितो, पोथी वाचतो ती पण आपलीच. आई शेवटी वैतागून म्हणाली, "मराठी खातीर झगडटात, आनी झगडटात तीं कोंकणींतल्यान. तुमकां लज दिसना?" आपण दोघंही हसलो आणि भांडण तिथंच चालू ठेवलं. त्या भांडणात तू मला कधी सोडलं नाहीस. माझं म्हणणं चुकीचं वाटलं तर तोंडावर सांगितलंस, टेबलावर हात आपटलास, एकदा तर न जेवता उठलास. पण माझं मत माझं राहू दिलंस. बाहेर कोणी म्हणालं की तुमची बहीण तर मराठीवाली, तर तू म्हणायचास, आहे, तिला विचारा, का ते ती सांगेल. हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

मग एका मे महिन्यातली ती सकाळ. ती तुलाही आठवत होती, हे मला पुढच्या वर्षी कळलं. पाऊस अजून आला नव्हता, बार्जी चालू होत्या, सगळ्यांना शेवटच्या खेपा उरकायची घाई. मी डोळा लावला. फुगा नेहमीसारखा थोडा समुद्राकडे सरकला, आणि मग वळायच्या वेळी तो माहेराच्या बाजूला न वळता सरळ उत्तरेकडे पळायला लागला. दक्षिणेचा वारा, आणि तोही भलताच जोराचा. पुंडलिक कपाळावर हात धरून बघत होता. म्हणाला, "बाये, आज फुगो माज्या गावाक चललो." मी हसले नाही. अरबी समुद्रात आपल्या पश्चिमेला काही शिजत असेल तर असा दक्षिणेचा वारा येतो, हे तूच मला शिकवलं होतंस. गणित केलं, पुन्हा केलं, फोन केला. फोन तूच घेतलास.

"दक्षिण?" तू विचारलंस.

"दक्षिण. आनी जोर पळे."

"बरें," म्हणालास. विचारणा नाही, सुस्कारा नाही. मी फोन ठेवला आणि मला वाटलं, आता पणजीहून बार्जींना इशारा जाणार.

इशारा गेला नाही. दुपारच्या अंदाजात नेहमीचंच होतं, वारा उत्तर-पश्चिमेचा, मध्यम. संध्याकाळच्या आधीच वादळी वारा आला. नदीच्या तोंडाशी एक भरलेली बार्ज रेतीवर चढली आणि आडवी झाली. माणसं वाचली, होड्यावाल्यांनी काढली. कोणी मेलं नाही, त्यामुळे कोणी चौकशीही केली नाही. खनिज पाण्यात गेलं आणि नदी काही दिवस लाल दिसली, ती तशी पावसाळ्यात दिसतेच.

मी त्यावर खूप विचार केला. माझा वारा पोचला होता. तू तो घेतला होतास. तरीही अंदाज बदलला नाही. मग याचा अर्थ काय? तू त्याचा अर्थ मला पुढच्या वर्षी समजावून सांगितलास.

तोवर गोव्याचं घटक राज्य झालं होतं. फटाके, मिरवणुका, भाषणं सगळं झालं, आणि मग नव्या राज्यात कुठलं काय ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं याची छाननी सुरू झाली. वाऱ्याची ठाणी उपयोगाची आहेत का ते तपासायचं काम तुझ्याकडे आलं. मदतीला पुण्याहून एक गृहस्थ आले. तू मला ते सगळं उत्साहाने सांगितलंस, कारण तुला ते काम खरोखर आवडलं होतं. जुने नकाशे काढायचे. एखाद्या दिवसाच्या नकाशावर पेडण्याच्या ठाण्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते झाकायचं. मग एका माणसाने बाकीच्या ठाण्यांवरून नकाशा पुरा करायचा आणि अंदाज द्यायचा. दुसऱ्या माणसाने काही न झाकता अंदाज द्यायचा. मग दोन्ही अंदाज आणि त्या दिवशी प्रत्यक्षात काय झालं ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. असं महिनोन् महिन्यांच्या नकाशांवर करायचं, एकेका ठाण्यासाठी.

तू म्हणालास की निरीक्षण चांगलं आहे की वाईट, हा प्रश्नच नाही. ते नसतं तर अंदाज बिघडला असता का, एवढाच प्रश्न. एखादं निरीक्षण अगदी अचूक असेल, पण शेजाऱ्यांकडून आधीच कळलेलं असेल, तर त्याचा उपयोग शून्य. मला ते पटलं. आजही पटतं. मी फक्त एक विचारलं होतं: तू एकेकाला झाकून बघतोस, म्हणून प्रत्येक जण बिनकामाचा ठरतो. सगळ्यांना एकदम झाकून बघ. तू हसलास आणि म्हणालास, "तें वेगळें गणित." मी म्हटलं, बंद मात्र सगळ्यांना एकदम करणार ना? त्याचं उत्तर द्यायच्या आधी वहिनीने जेवायला हाक मारली. हे भांडण तिथंच राहिलं. आपण ते पुढे नेलं असतं तर कदाचित तूच जिंकला असतास, मला माहीत आहे.

पेडण्याचं ठाणं झाकलं काय आणि न झाकलं काय, अंदाजात काही फरक पडत नव्हता. असं निघालं. जवळजवळ कधीच नाही. तू मला ते सांगायला मुद्दाम पेडण्याला आलास, डिचोलीच्या बाजारातली शेव घेऊन. मी म्हटलं, असं कसं होईल, आमचा वारा तर कितीदा वेगळा असायचा. तेव्हा तू ती बार्जीची सकाळ काढलीस.

"पळे, त्या दिसा तुजें वारें आमच्या मेजार आसलें. तरी आमकां कितें कळ्ळें? कांयच ना. मागीर ताचो उपेग खंय?"

माझं इतकं वेगळं निरीक्षण, इतक्या मोक्याच्या दिवशी, पणजीत टेबलावर पडलेलं असूनही कोणाला काही सांगू शकलं नाही. मग रोजच्या साध्या निरीक्षणांची काय कथा. मी मान्य केलं, भाई. तुझ्यासमोर, शेव खात मान्य केलं. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास.

ठाणं बंद झालं. थिओडोलाइट खोक्यात घालून घेऊन गेले. पुंडलिक पुन्हा खनिजाच्या ट्रकांवर गेला. मला खात्याने दुसऱ्या एका कचेरीत आवक-जावकला बसवलं. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. मी तिथे चांगलं काम केलं. कोणी सड्याबद्दल विचारलं तर सांगायचे की त्याचा उपयोग नव्हता, तपासून बघितलं होतं. हे सांगताना मला अभिमानसुद्धा वाटायचा, की आम्ही भावंडं खरं ते मान्य करणारी आहोत.

आता गेल्या पावसाळ्यातलं. तू आजारी होतास, पण बोलायला अडचण नव्हती. मी सोप्यावर तुझ्याजवळ बसले होते आणि बोलता बोलता पुन्हा ते जुनं निघालं. मी सहज म्हटलं की इतकी वर्षं आभाळाकडे बघितलं त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कुठेतरी मीच कमी पडले असणार. मी ते खरंतर गमतीने म्हटलं होतं. तुला ते लागलं. तू माझी समजूत काढायला लागलास.

"तूं उगीच जिवाक लावन घेता. तुजी चूक नाशिल्ली. तुजे आंकडे हांवूच मातशे बसयतालों."

मला आधी कळलंच नाही. "बसयतालों म्हणल्यार?"

"नकाशार घालतना. शेजाऱ्यांक जुळता तशे."

"कित्याक?"

"तुका कोणें कांय म्हणूंक नाका म्हणून."

मग तू सगळं सांगितलंस, अगदी शांतपणे. कचेरीत कुजबुज होती की भाईने बहिणीला चिकटवलं आहे आणि तिला धड वारा मोजता येत नाही. रोज तिचंच ठाणं वेगळं. तू आधी विचारणा केल्यास, मी हट्टाने तेच आकडे दिले. मग तू ठरवलंस की मला त्रास द्यायचा नाही. फोनवर मी सांगीन ते ऐकून घ्यायचं, "बरें" म्हणायचं, आणि नकाशावर शेजाऱ्यांच्या मधला वारा मांडायचा. त्यानंतर कुजबुज थांबली. तुझ्या विचारणा का थांबल्या ते मला तेव्हा कळलं, इतक्या वर्षांनी.

मी त्या बार्जीच्या दिवसाबद्दल एकच विचारलं. "त्या दिसाचेंय?"

"त्या दिसाचेंय," म्हणालास.

मी उठून आत गेले आणि तुझ्यासाठी चहा केला, उंडा पावाचे तुकडे बशीत ठेवले. तू उंडा चहात बुडवून खाल्लास आणि म्हणालास, आज बरं वाटतंय. तुला खरंच बरं वाटत होतं. एक ओझं उतरवून तू मोकळा झाला होतास.

भाई, तू मला आधी शेजाऱ्यांसारखं केलंस आणि मग शेजाऱ्यांसारखी आहे म्हणून काढून टाकलंस. यात तुला काही वावगं दिसलं नाही? तू हुशार माणूस. नकाशावर कागद चिकटवताना, त्या कागदाखाली माझा वारा नसून तुझाच आहे, हे तुला एकदाही आठवलं नाही? की आठवलं आणि पुण्याच्या माणसासमोर सांगता आलं नाही? मला हेच विचारायचं होतं. आणि शेव घेऊन आलास तेव्हा ती बार्जीची सकाळ तू पुरावा म्हणून माझ्यासमोर कशी ठेवलीस? तोवर तू स्वतःच विसरला होतास की काय, की माझ्या तोंडून मान्य करून घ्यायचं होतं? विसरला असशील तर एक वेळ समजेल. दुसरं असेल तर मला काय करावं ते सुचत नाही. पावसाळा सरेपर्यंत मी चार-पाच वेळा डिचोलीला आले. प्रत्येक वेळी ठरवून यायचे की आज विचारायचं, आणि तू खोकायला लागलास की गप्प बसायचे. तुझ्या आजारावर मला तेव्हा फार राग यायचा.

लोकांना वाटेल, ही बाई म्हणते आहे की हिचं ऐकलं असतं तर बार्ज वाचली असती. तसं मी म्हणत नाही. कदाचित त्या दिवशी फुगा खराब असेल. कदाचित मी कोन उलटा वाचला असेन; उत्तर आणि दक्षिण यांची अदलाबदल माझ्याहून चांगल्या माणसांकडून झाली आहे. पुंडलिकने फुगा त्याच्या गावाकडे जाताना पाहिला, पण पुंडलिकला त्या दिवशी गावाची आठवण येत असेल. आणि वारा दक्षिणेचा होता असं धरलं, तरी एका ठाण्यावरून तुम्ही अंदाज बदलला असतात का, कोण जाणे. तूच म्हणायचास, एका फुग्याने काही ठरत नाही. खरंच आहे. पण बाकीचेही सगळे दिवस होते ना? ते सगळे वारे, खरे किंवा चुकीचे, नकाशावर असते, तर झाकून बघितल्यावर काहीतरी निघालं असतं. अंदाज सुधारतो असं निघालं असतं, किंवा बिघडतो असं. बिघडतो असं निघालं असतं तर मी स्वतः सड्यावरच्या खोलीला कुलूप लावून चावी तुझ्या हातात दिली असती. आता काहीच निघू शकत नाही. माझं काम चांगलं होतं की वाईट, हे या जगात कोणालाही कधीच कळणार नाही, मलासुद्धा नाही. माझं चुकलं असतं तर चुकलं असतं. ती चूक माझी असती, मी ती निस्तरली असती. तू मला चुकूसुद्धा दिलं नाहीस.

भाषेवरून तू मला न जेवता उठून दाखवलंस, पण माझं मत बदलून कोणाला सांगितलं नाहीस. तसं या कामातही करायचं होतं. कचेरीत टेबलावर हात आपटायचा होता. म्हणायचं होतं, आहे माझी बहीण, तिचा वारा वेगळा आहे, तिला विचारा. कदाचित लोक हसले असते. तू हसू सहन करणारा माणूस होतास, डिचोलीत राहून कोंकणीची बाजू घेणारा. मग याच बाबतीत तुला काय झालं? माझी लाज वाटली का रे? मला तेच वाटतं.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर वहिनी मला माजघरात घेऊन गेली. तिने तुझं धुतलेलं उपरणं माझ्या हातात दिलं आणि रडायला लागली. म्हणाली, "तांकां तुजी खूब काळजी. तांणी तुका केन्नाच उणें पडूंक दिलें ना." दारात उभ्या असलेल्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. सगळं घर दिवसभर हेच म्हणत होतं, की भाईने शकूला कधीच कमी पडू दिलं नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, वहिनी, तसं नाही. मला जे ठाऊक होतं ते त्या सगळ्यांपेक्षा वेगळं होतं, आणि मी ते सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिचा चेहरा बघितला. इतक्या दिवसांनी तिला थोडं बरं वाटत होतं. मी म्हटलं, "हय, वहिनी. केन्नाच ना." तिने माझा हात घट्ट धरला आणि शांत झाली.

म्हणजे मीही तेच केलं, भाई. सगळे म्हणत होते त्याच्याशी जुळेल असं सांगितलं, आणि तेही तिच्या काळजीपोटी. एक क्षणसुद्धा लागला नाही. तू रोज नकाशासमोर बसून काय करत होतास आणि ते किती सोपं असतं, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मला वाटलं होतं, कळलं की राग जाईल. तो गेलेला नाही.